लिटरमागे नऊ हजार लिटर हवा

नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर दोन एअर फिल्टर शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक नेहमीचा, पिवळसर कागदाचा, दाट घड्यांचा. दुसरा लाल सुती कापडाचा, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी, भोवती जाड रबरी कड. विशीतल्या एका मुलाने दोन्ही आळीपाळीने तोंडाशी धरून फुंकर मारली. कागदातून हवा पलीकडे जेमतेम गेली, लाल कापडातून आरपार. हवा मोकळी म्हणजे ताकद जास्त, असा त्याचा निर्णय तिथेच झाला. पाच हजारांच्या वर पैसे मोजून तो लाल डबा घेऊन गेला. ती फुंकर मात्र माझ्या डोक्यातून जाईना. दिसायला ती चाचणी अगदी पटण्यासारखी आहे. हाताला, ओठांना, कानाला कळते. तिच्यात काय चुकतं ते बोलून पटत नाही, त्यासाठी एक जुना फिल्टर कापून बघावा लागतो.

टाकून द्यायचा कागदी फिल्टर घ्या, कटरने रबरी कड सोडवा आणि घड्या जमिनीवर ओढून सरळ करा. तळहाताएवढ्या रुंद आणि वीतभराहून थोड्या लांब चौकटीतून चार-पाच मीटर लांबीची पट्टी निघते. हिशेब सोपा आहे. चौकट २५ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद. दर चार मिलिमीटरला एक घडी म्हणजे साठेक घड्या. प्रत्येक घडी चार सेंटिमीटर खोल, आणि तिला दोन बाजू. सगळं मिळून पाऊण चौरस मीटर कागद. १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन ६,००० आरपीएमला पूर्ण दाबलं तर मिनिटाला तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. ती हवा पाऊण चौरस मीटरवर पसरली की कागदाच्या प्रत्येक भागातून सेकंदाला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर वेगाने जाते. ओठांतून निघालेली फुंकर त्याच्या कित्येक पट वेगाने, तीही दोन-चार घड्यांवरच आदळते. साहजिकच कागद अडवतो. इंजिन कागदाला असं कधी वागवतच नाही. सुती फिल्टरच्या घड्या जाड आणि विरळ असतात, उलगडला तर त्याचं क्षेत्रफळ कागदापेक्षा पुष्कळ कमी भरतं. तेवढ्या कमी जागेतून तेवढीच हवा न्यायची, म्हणून कापड मोकळं ठेवावंच लागतं. फुंकरीला जाणवणारा मोकळेपणा बराचसा असा आहे.

आता मोकळ्या हवेने इंजिनाला मिळतं किती, तेही आकड्यांत पाहू. बऱ्या अवस्थेतला कागदी फिल्टर, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला असताना, साधारण एक किलोपास्कलचा, फार तर दीडचा अडथळा करतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे फिल्टर मुळातून काढून फेकला तरी ताकदीत फरक पडायचा तो एक ते दीड टक्का, आणि तोही एक्सलरेटर तळाला टेकवून लाल रेषेपर्यंत नेल्यावर. मुंबईहून पुण्याला आलेली गाडी ५६० मीटर वर चढलेली असते. इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे सहा टक्के हवा घाट चढतानाच कमी झाली. महाबळेश्वरला पंधरा टक्के. विनाटर्बोच्या गाडीचा हा तोटा कुठलाही फिल्टर भरून काढू शकत नाही. तरी रोज गाडी चालवणाऱ्या पुणेकराला तो जाणवतही नाही. मग एका टक्क्याचा फिल्टर ‘लगेच जाणवला’ असं कुणी सांगतं, तेव्हा बहुतेक वेळा जुना फिल्टर मातीने भरलेला होता आणि नवा कोणताही बसवला असता तरी तेवढंच जाणवलं असतं.

ॲव्हरेजचंही तसंच. पेट्रोल गाडी ऐंशीच्या वेगाने सपाट रस्त्यावर चालली असते तेव्हा थ्रॉटलची पाकळी अर्धवट मिटलेली असते. हवेची वाट तीच अडवते, कारण तेवढीच ताकद हवी असते. पाकळीच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, दाब निम्म्यावर आलेला असतो. पाकळीने चाळीस-पन्नास किलोपास्कल अडवले असताना फिल्टरने पाव किलोपास्कल जास्त अडवलं काय आणि कमी काय, पाकळी केसभर जास्त उघडते आणि हिशेब मिटतो. इंधन किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ठरवतो. २००९ साली अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचे फिल्टर मुद्दाम गच्च चोंदवून मोजमाप केलं. ॲव्हरेज जवळपास हललं नाही, पिकअप मात्र सहा ते अकरा टक्क्यांनी मार खाल्ला. कार्बोरेटरच्या जमान्यात फिल्टर चोंदला की मिश्रण घट्ट व्हायचं आणि पेट्रोल खरंच जास्त जायचं. त्या काळातला सल्ला आजही तोंडातोंडी चालत आला आहे, आणि त्याच्याच जोरावर महागडे फिल्टर ‘ॲव्हरेज वाढवतो’ म्हणून विकले जातात.

फिल्टरचं काम हवा देणं नाही. हवा इंजिन आपली आपण ओढून घेतं.

एक लिटर पेट्रोल नीट जाळायला जवळजवळ अकरा किलो हवा लागते. आकारमानाने मोजली तर नऊ हजार लिटरच्या वर. सोळाचं ॲव्हरेज देणारी गाडी दहा हजार किलोमीटर चालली की तिने पावणेसहा हजार घनमीटर हवा पोटात घेतलेली असते. ही हवा कुठली? ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी नोव्हेंबर ते मार्च साइडपट्टीचा मुरूम दळून उडवलेली. खडी क्रशरच्या वळणावरची. चंद्रपूर-कोराडीकडे औष्णिक केंद्रांची राख मिसळलेली. सांगे-डिचोलीकडे खनिजाच्या ट्रकांमागची तांबडी. आणि शहरात, अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलाखालची सिमेंट-वाळूची. या धुळी सारख्या नसतात. नदीच्या वाळूत क्वार्ट्झ असतो, त्याचा कठीणपणा मोहच्या मोजपट्टीवर सात, म्हणजे सिलिंडरच्या बिडापेक्षा जास्त. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात क्वार्ट्झ फारसा नाही, पण त्यातलं फेल्डस्पार सहाच्या आसपास आहे, तेही बिडाला ओरबाडायला पुरेसं. हवेत तरंगणाऱ्या राखेचे बरेचसे कण दहा मायक्रॉनहूनही बारीक, काचेच्या गोळ्यांसारखे, आणि बारीक असल्यामुळेच मोकळ्या कापडातून सुटणारे. केस सत्तर मायक्रॉनचा असतो. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनांचा. त्या थराहून मोठा कण मध्ये सापडला की तो दोन्ही पृष्ठभाग एकदम खरवडतो. डोळ्यांना दिसणारी धूळ फिल्टर कोणताही असो, अडतेच. नुकसान करणारी धूळ चिमटीत घेतली तर पिठासारखी लागते.

हे नुकसान होताना आवाज होत नाही. आधी वरची रिंग झिजते, सिलिंडरच्या वरच्या टोकाला बारीक उभ्या रेघा उमटतात, कॉम्प्रेशन थोडं थोडं गळायला लागतं, ऑइल लवकर काळं पडतं. मग ऐंशी हजारांवर कुणीतरी म्हणतं, गाडी ऑइल खायला लागली. तोवर फिल्टर दोनदा बदललेला असतो आणि दोष कुणाचा ते सांगायला पुरावा उरलेला नसतो. ज्यांना लवकर कळून घ्यायचं असेल त्यांनी ऑइल बदलताना शंभर मिलिलिटर नमुना तपासणीला द्यावा. प्रयोगशाळेच्या अहवालात सिलिकॉनचा आकडा वीस-पंचवीस पीपीएमच्या (दहा लाख भागांत तेवढे भाग) वर चढला आणि सोबत लोखंडही चढलं, तर धूळ आत जाते आहे असं धरून चालावं. इंजिन नुकतंच उघडलं असेल तर गॅस्केटच्या सीलंटमुळेही सिलिकॉन वाढतो, म्हणून एका अहवालावर विसंबू नये, पुढच्या ऑइलच्या वेळी पुन्हा बघावं.

पाकिटावर ९९.५ टक्के आणि ९७ टक्के असे दोन आकडे शेजारी दिसले की माणसाला वाटतं अडीच टक्क्यांचाच फरक. हा आकडा उलटा वाचायचा असतो. एक अर्धा टक्का धूळ सोडतो, दुसरा तीन टक्के. सहा पट. वरच्या पावणेसहा हजार घनमीटर हवेत घनमीटरमागे एक मिलिग्रॅम धूळ धरली (कच्च्या रस्त्यावर ट्रकामागे याहून जास्त असते), तर फिल्टरवर पावणेसहा ग्रॅम येऊन आदळते. पहिला फिल्टर त्यातली २९ मिलिग्रॅम आत सोडतो, दुसरा १७० मिलिग्रॅम. हे आकडे ज्या चाचणीत काढतात तिचं नाव आयएसओ ५०११. ठरलेल्या वजनाची धूळ ठरलेल्या हवेत सोडायची, पुढे किती पोचली ते वजन करून बघायचं, अडथळा किती वाढला ते मोजायचं. चाचणीची धूळ ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या वाळूची असते, आयएसओ १२१०३-१ या मानकाप्रमाणे तिच्या प्रती ठरल्या आहेत. ए२ म्हणजे बारीक, ए४ म्हणजे भरड. एकच फिल्टर भरड धुळीवर चांगला आकडा दाखवतो, बारीकवर कमी. त्यामुळे कंपनीने आकडा दिला आहे एवढं बघून चालत नाही. कोणती धूळ, किती हवेला, आणि सुरुवातीची क्षमता की शेवटपर्यंतची सरासरी, हे तिन्ही लिहिलेलं असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे. जी कंपनी फक्त अश्वशक्ती आणि हवेचा प्रवाह छापते आणि धुळीबद्दल गप्प बसते, तिचा फिल्टर रोजच्या गाडीत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीची क्षमता आणि सरासरी यांत फरक का पडतो, ते कळलं की सर्व्हिसिंगमधली एक जुनी सवय सुटते. नवा कोरा फिल्टर त्याच्या आयुष्यात सर्वांत जास्त धूळ सोडतो तो पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये. धूळ कागदावर बसत जाते तसा धुळीचाच एक बारीक थर तयार होतो आणि पुढची धूळ तो थर अडवतो. मळका दिसणारा फिल्टर, चोंदलेला नसेल तर, नव्यापेक्षा चांगलं काम करत असतो. आणि आपल्याकडे दर पाच हजारांला डबा उघडून कॉम्प्रेसरने हवा मारून देतात. तो थर उडून जातो, फिल्टर पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. वर सहा-सात बारची हवा नोझल टेकवून मारली की कागदाचे तंतू फाकतात, घडीच्या टोकाला टाचणीएवढं भोक पडतं. ते बाहेरून दिसत नाही. फिल्टरच्या मागे टॉर्च धरून अंधारात घडी-घडी बघितली की मंद उजेडात एक लख्ख ठिपका दिसतो. असा फिल्टर कितीही नवा असला तरी कचऱ्यात. हवा मारायचीच असेल तर आतल्या बाजूने बाहेर, दोन बारच्या आत, वीतभर अंतरावरून. आणि जोरात आपटायचा नाही, चौकट वाकते.

लाल सुती फिल्टरचं मूळ मात्र खरं शर्यतीतलं आहे. के अँड एन ही कंपनी १९६९ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. वाळवंटातल्या मोटारसायकल शर्यतींमध्ये तिचा फिल्टर चालला, कारण तिथे इंजिन तासन्‌तास पूर्ण दाबाने चालतं, फिल्टर धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता येतो, आणि इंजिन शर्यतींच्या मधे उघडून रिंगा बदलायची तयारी असते. सुती कापडाचे चार-सहा थर जाळीत दाबून घड्या घातलेल्या असतात. नुसतं कापड फार काही अडवत नाही. अडवतं ते त्यावरचं चिकट तेल. कण वळणावळणाच्या वाटेने जाताना तंतूवर आदळतो आणि तेलाला चिकटतो. तेल नसलेला सुती फिल्टर गाळणीसुद्धा धड नसते. म्हणून या फिल्टरचं सगळं यश तेल लावणाऱ्याच्या हातात असतं.

आणि इथेच आपल्या गॅरेजात घोटाळा होतो. पेट्रोलने धुतलेले, डिझेलमध्ये बुडवलेले, प्रेशर वॉशरखाली धरलेले आणि वरून टू-टीचं (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल शिंपडलेले सुती फिल्टर बघायला मिळतात. नीट पद्धत अशी आहे. आधी मऊ ब्रशने सुटी धूळ झटकायची. कंपनीचं क्लीनर दोन्ही बाजूंना फवारून दहा मिनिटं ठेवायचं, पण फिल्टरवर वाळू द्यायचं नाही. मग नळाच्या थंड, मंद धारेखाली आतल्या बाजूने बाहेर पाणी सोडायचं, फेस जाईपर्यंत. उलट धुतलं तर मळ कापडात आणखी खोल जातो. वाळवणं सावलीत आणि वेळ देऊन. उन्हात, हीटरपुढे किंवा कॉम्प्रेसरने वाळवलं तर कापड आक्रसतं आणि जाळीपासून सुटतं. ओलसर कापड तेल धरत नाही, म्हणून रात्रभर ठेवलेलं बरं. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक घडीच्या माथ्यावरून तेलाची एक बारीक रेघ, एकदाच. वीस मिनिटं थांबायचं. तेल स्वतः पसरतं. कुठे पांढरट डाग राहिला तर तिथेच टिपूसभर. फिल्टर तेल लावण्याआधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून किती ग्रॅम तेल गेलं ते लिहून ठेवावं. पुढच्या वेळी हात जड पडला की काटा लगेच सांगतो.

जास्त तेल लावलं तर काय? ज्या गाडीत हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर फिल्टरच्या लगेच पुढे बसवलेला असतो, तिथे तेलाचे बारीक थेंब हवेबरोबर उडून त्याच्या तापलेल्या तारेवर किंवा पातळ पट्टीवर बसतात. त्यावर धूळ चिकटते. सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी हवा सांगतो, पेट्रोल गाडीत मिश्रण पातळ होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१०१ किंवा पी०१७१ हा बिघाडाचा कोड येतो. डिझेलमध्ये ईसीयू डिझेलच कमी सोडतो आणि गाडी उचलत नाही अशी तक्रार येते. सेन्सर साफ करायला त्याच्यासाठीचाच स्प्रे मिळतो. कार्बोरेटर क्लीनर त्याला मारायचा नाही, बोट किंवा कापडही लावायचं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतो, त्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात. तिथे तेलाची ही भीती नाही. त्यामुळे फिल्टर विकत घेण्याआधी बॉनेट उघडून बघण्याची पहिली गोष्ट म्हणजे हवेच्या डब्याच्या पुढच्या पाइपवर चार-पाच वायरींचा सॉकेट आहे का.

तेलाची भानगड नको आणि कागदही नको असेल तर सुकं कृत्रिम माध्यम हा मधला रस्ता आहे. पॉलिएस्टरचे तंतू बाहेरच्या बाजूला विरळ आणि आत जाताना दाट असे रचलेले असतात, त्यामुळे भरड धूळ वर अडकते आणि बारीक खोलवर. ओलसर हवेत तो कागदासारखा नरम पडत नाही, कोकणच्या पावसाळ्यात हा गुण मोठा आहे. तेल नसल्यामुळे सेन्सरला धोका नाही. त्यातले काही धुता येतात, काही नाही, पाकिटावर बघावं. फोमचा फिल्टर तिसरा. तोही तेल लावूनच चालतो, धूळ पुष्कळ साठवतो, म्हणून कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीत लोकप्रिय आहे. पण उष्णतेने आणि वयाने फोम चुरचुरीत होतो आणि त्याचे तुकडे इंजिनातच जातात. दोन-तीन वर्षांत बोटाने दाबून बघावा. दाबल्यावर परत फुगत नसेल तर बदलावा.

मोकळा कोन फिल्टर, म्हणजे कंपनीचा डबा काढून टाकून पाइपच्या तोंडाला लावलेला शंकू, हा या सगळ्यांत देखणा आणि सर्वांत घाट्याचा. कंपनीचा डबा बंपरच्या मागून किंवा ग्रिलमधून बाहेरची हवा घेतो. मोकळा कोन बॉनेटखालची हवा घेतो. सिग्नलला उभ्या गाडीत बाहेर ३५ अंश असताना आत ६५ सहज होतं, आणि ३५ अंशांच्या हवेपेक्षा ६५ अंशांची हवा जवळपास नऊ टक्के विरळ असते. एक टक्का मिळवायला गेलेल्याचे नऊ जातात. मागे पत्र्याचा आडोसा आणि बाहेरून थंड हवेची नळी आणली तर हा तोटा भरून निघतो, पण मग नळीचं तोंड किती खाली आहे ते बघावं लागतं. फॉग लॅम्पच्या मागे तोंड आणलेल्या गाड्यांसाठी पावसाळा धोक्याचा आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत किती गाड्यांची इंजिनं पाणी ओढून गेली ते लोक विसरलेले नाहीत. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना मधे पाणी सापडलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल मारून चालू करायची नाही, आधी फिल्टरचा डबा उघडून आत ओल आहे का बघायची.

तरीही आवाजाबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. कंपनीच्या डब्याला जोडून एक रिकामी कुपी असते, ती इंजिनाच्या श्वासाचा आवाज गिळते. डबा बदलला की साडेतीन-चार हजार आरपीएमनंतर पुढून एक खोल, घुमणारा स्वर येतो. तो खरोखर सुंदर असतो. गाडीवर प्रेम करणाऱ्या माणसाला त्या स्वरासाठी पैसे मोजावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही, आणि त्याला वेड्यात काढण्याची घाई मला कधीच पटलेली नाही. फक्त तो स्वर म्हणजे ताकद नव्हे एवढं मोजून घ्यावं, कारण तीच कुपी काही गाड्यांत खालच्या आरपीएमला ओढही देते, आणि ती काढल्यावर घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मरगळते. असा आवाज हवा असेल तर डब्यातच बसणारा चौकोनी फिल्टर ठेवून पुढचा पाइप बदलणं जास्त शहाणपणाचं.

मोकळ्या फिल्टरची खरी गरज कुठे असते? दोन लिटरचं टर्बो डिझेल रिमॅप करून (ईसीयूमधले आकडे बदलून) जास्त बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या जास्त दाबावर, चालवलं तर ते मिनिटाला सात हजार लिटरच्या आसपास हवा मागतं, आणि तोच जुना डबा तोकडा पडायला लागतो. रेस ट्रॅकवर किंवा धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत, जिथे रस्ता झाडलेला आणि इंजिन पूर्ण उघडं असतं, तिथेही. नाशिकच्या बाजूच्या कच्च्या रॅलीच्या वाटांवर मात्र अनुभवी लोक सुती फिल्टरवर फोमची टोपी चढवतात. शर्यत जिंकायला निघालेली माणसंसुद्धा धूळ अडवायला थोडा प्रवाह सोडून देतात.

घरच्या १२०० सीसी पेट्रोल गाडीसाठी माझं म्हणणं सरळ आहे. चांगल्या कंपनीचा कागदी किंवा कागद-पॉलिएस्टर मिश्र फिल्टर घ्यावा, तीनशे ते सहाशे रुपयांचा. मॅन्युअलमध्ये वीस ते चाळीस हजारांचा जो आकडा आहे तो धुळीच्या भागात निम्मा धरावा. लाख किलोमीटरला पाच फिल्टर लागले तरी सुती फिल्टर आणि त्याच्या क्लीनर-तेलाच्या किटपेक्षा खर्च कमी येतो. वर्षाला चाळीस-पन्नास हजार चालणाऱ्या, बहुतेक हायवेवरच्या, सेन्सर नसलेल्या गाडीला सुती फिल्टर शोभतो, पण धुण्याचं काम मालकाने स्वतः करायचं असेल तरच. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदीर हवेच्या डब्यात घर करतात आणि कागद कुरतडून गादी करतात. तिथे तारेची जाळी असलेला फिल्टर उपयोगी पडतो, हा त्याचा गुण जाहिरातीत कुणी सांगत नाही. घेताना डब्यावरच्या नावापेक्षा वस्तू बघावी. नकली लाल फिल्टरच्या घड्या वाकड्या-तिकड्या असतात, जाळीची टोकं रबरातून बाहेर आलेली असतात, रंग बोटाला लागतो आणि कड दाबली तर कडक लागते. जुना फिल्टर सोबत नेऊन लांबी, रुंदी आणि कडेची जाडी कॅलिपरने ताडून घ्यावी. दोन मिलिमीटरचा फरक चालत नाही.

कारण माध्यम ९९.५ टक्क्यांचं असलं तरी कडेतून केसाएवढी फट राहिली की सगळं फुकट जातं. हवा सोपी वाट पकडते आणि फटीतून जाणारी धूळ गाळलीच जात नाही. बसवताना इंजिन थंड असावं. डब्याच्या झाकणावरची माती ब्रशने आणि व्हॅक्यूमने आधी काढावी, नाहीतर क्लिप उघडताच ती नेमकी आतल्या बाजूला पडते. फिल्टर काढल्यावर इंजिनाकडच्या पाइपात पांढरं ओलसर फडकं फिरवावं. फडकं स्वच्छ निघालं तर जुना फिल्टर नीट काम करत होता. तपकिरी निघालं तर फक्त फिल्टर बदलून भागणार नाही, फट शोधावी लागेल. तुटलेली क्लिप, पीळ गेलेला स्क्रू, तडकलेला रबरी पाइप, सैल क्लॅम्प, या क्रमाने बघावं. प्लॅस्टिकमधले स्क्रू हाताने लागेपर्यंत फिरवून वर पाव फेरा, त्याहून जास्त नाही. सेन्सरचा सॉकेट काढला असेल तर टक आवाज येईपर्यंत परत बसवावा, राहिला तर हवेच्या तापमानाचा पी०११३ येतो. शेवटी नव्या फिल्टरच्या रबरी कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून झाकण लावावं आणि पाचशे किलोमीटरनंतर एकदाच उघडावं. झाकणाच्या कडेवर ग्रीसची रेघ सलग उमटली असेल तर बंद करून पुढच्या बदलापर्यंत त्याला हात लावू नये. रेघ कुठे तुटली असेल आणि तिच्या आतल्या बाजूला धुळीची शेपटी दिसत असेल, तर फिल्टर कितीही महागाचा असो, दुकानात परत द्यावा आणि त्या गाडीच्या कंपनीचा मूळ फिल्टर मागावा.